मल्हाररावांची थर्ड शिफ्ट

मुकुंदवाडीच्या आमच्या गल्लीत त्या उन्हाळ्यात एकच बातमी होती. मल्हाररावांनी घरात हातभट्टी लावलीय. पुरावेही भक्कम होते. एक टेम्पो आला आणि तीस-चाळीस खोकी उतरवून गेला. खोक्यांत पाण्यानं भरलेल्या जाड पिशव्या. संध्याकाळ झाली की पुढच्या खोलीची खिडकी बंद, पंखा बंद, दाराला आतून कडी. पलीकडच्या भागूबाईनं मधल्या भिंतीवरून डोकावून बघितलं, तर खोलीतून निघालेली एक पारदर्शक नळी थेट न्हाणीत सोडलेली आणि तिच्यातून फिकट पिवळं पाणी संथ वाहतंय. आता याला भट्टी नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

माझी पिठाची गिरणी गल्लीच्या तोंडाशी. गहू-ज्वारीबरोबर बातम्याही माझ्याकडंच दळायला येतात, आणि कुठलंच दळण जाडंभरडं परत देणं माझ्या स्वभावात नाही. तरी देवाशप्पथ सांगतो, भट्टी हा शब्द माझा नव्हता. मी फक्त "पहिल्या धारेची मिळते का, जरा विचारून ठेवा," एवढंच म्हणालो होतो.

खरं काय ते आठवड्यातच कळलं, तेही मल्हाररावांच्या बायकोकडून. वच्छलाबाई गिरणीवर आल्या, दळणाचा डबा काट्यावर आपटला आणि म्हणाल्या, "सांडूभाऊ, भट्टी बघायचीय ना तुम्हाला? या संध्याकाळी. येताना हात धुऊन या साबणानं, कोपरापर्यंत. आन् तोंडाला फडकं बांधा, म्हंजे तेवढा वेळ तरी ते बंद ऱ्हाईल."

गेलो. पुढच्या खोलीत खाट, खाटेशेजारी टेबलावर एक मशीन. आमच्या टीव्हीच्या आधीच्या जुन्या रेडिओएवढं असेल. मल्हारराव खाटेवर मांडी घालून बसलेले, सदरा वर केलेला, बेंबीच्या बाजूला पोटातून बोटभर नळी बाहेर आलेली. त्यांच्या दोन्ही किडन्या बसल्या होत्या, आणि सहा महिने घरात कुणाला काही बोलले नव्हते. आता रात्री नऊला ती नळी मशीनला जोडायची. मशीन पिशवीतलं पाणी कोमट करून पोटात सोडणार, दीड-दोन तास आत ठेवणार, काढून घेणार, पुन्हा ताजं भरणार. रक्तातली घाण आणि अंगात साठलेलं जास्तीचं पाणी त्याबरोबर बाहेर. पोटाच्या आतल्या पडद्याकडून किडनीचं काम करून घ्यायचं म्हणे. सकाळी सहाला सुटका. असं रोज, एकही खाडा न करता.

माझं तोंड फडक्याआड एवढंसं झालेलं. मल्हाररावांनी ते ओळखलं असावं.

"बस सांडू," ते म्हणाले. "थर्ड शिफ्टला आलो बघ परत."

थर्ड शिफ्टचं सांगायचं तर जरा मागं जावं लागेल.

मल्हारराव वेरूळकडच्या एका वस्तीवरचे. घरात पिढ्यानपिढ्या मेंढरं. शहात्तर साली चिकलठाण्याच्या एमआयडीसीत शेडला लागून शेड उभी राहत होती, तेव्हा बाविसाव्या वर्षी हे गृहस्थ घोंगडी खांद्यावर टाकून पत्र्याचे डबे करणाऱ्या एका कंपनीच्या गेटवर जाऊन उभे राहिले. साहेबानं विचारलं, काय येतं तुला? म्हणाले, "रातभर जागता येतं." खोटं नव्हतं ते. लांडग्यापासून मेंढरं राखणाऱ्याला दुसरं काय येणार? साहेबानं त्यांना थेट प्रेसवर घेतलं, थर्ड शिफ्टला.

बाकीचे कामगार रात्रपाळी टाळावी म्हणून युनियनच्या मागं लागायचे. मल्हाररावांनी उलटा अर्ज दिला की मला कायमची थर्डच द्या. युनियनवाल्यांना वाटलं, ह्यात काहीतरी डाव आहे. डाव एवढाच होता की दिवस मोकळा मिळावा. मुकुंदवाडीतल्या खोलीच्या मागं त्यांनी गावाकडून आणलेली अकरा मेंढरं बांधली होती. सकाळी सातला शिफ्ट सुटायची आणि आठला हे मेंढरं घेऊन एमआयडीसीच्या मोकळ्या प्लॉटवर. दुपारी मेंढरं लिंबाखाली रवंथ करत बसली की तिथंच ह्यांची झोप.

शहरात कारखाना वाढला की पेपरात फोटो यायचा आणि मल्हाररावांचं एक कुरण जायचं. नव्या शेडच्या भूमिपूजनाला नारळ फुटला की हे मेंढरांसकट एक प्लॉट पुढं सरकायचे. असं सरकत सरकत विमानतळाच्या कुंपणापर्यंत गेले. मधे वाळूजला मोठमोठ्या कंपन्या आल्या, चार पैसे जास्त मिळतात म्हणून अर्धी गल्ली तिकडं गेली. मल्हाररावही एका सुट्टीच्या दिवशी बघून आले. वच्छलाबाईंनी विचारलं, कशी हाये कंपनी? म्हणाले, "कंपनी बरीये, चारा नाय." आणि इथंच राहिले.

शेजारच्या प्रेसवर उस्मानपुऱ्याचा पुंडलिक होता. तो नामांतराचा कार्यकर्ता. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळावं म्हणून मोर्चा असला की हा पहिल्या रांगेत. ते दिवस वाईट होते. अठ्ठ्याहत्तरला खेड्यापाड्यांत घरं जळाली, आणि इथं कंपनीत रात्री दोनच्या सुट्टीत पुंडलिकाच्या शेजारी डबा उघडायला निम्मी शेड तयार नसायची. मल्हारराव बसायचे. का बसायचात, असं मी त्यांना एकदा विचारलं. म्हणाले, "त्याच्या डब्यात मिरचीची चटणी लई भारी असायची."

पुढं एकदा सत्याग्रहात पुंडलिकाला पकडलं आणि बारा दिवस हर्सूलच्या जेलात ठेवलं. नोकरी जाणार हे उघड होतं. तर आमच्या मल्हाररावांनी काय करावं? रोज रात्री गेटवर आपलं कार्ड पंच केलं की गुपचूप पुंडलिकाचंही करायचं, आणि रात्रभर दोन प्रेसच्या मधे पळत दोन्ही चालवायच्या. सुपरवायझर पहाटेपर्यंत झोपलेलाच असायचा. बाराव्या दिवशी पकडले गेले ते स्वतःच्या भोळेपणानं. मित्राच्या नावावर काम कमी दिसायला नको म्हणून त्यांनी पुंडलिकाच्या प्रेसवर जास्त डबे काढले होते.

पर्सोनेलच्या साहेबानं बोलावून विचारलं, "मल्हार, हा पुंडलिक जेलात बसून तुझ्यापेक्षा जास्त डबे काढतो होय रे?"

मल्हारराव म्हणाले, "साहेब, माणूसच मेहनती हाये."

पंधरा दिवस सस्पेंड झाले. मेंढरांना तेवढं सुख पुन्हा कधी लाभलं नाही. पुंडलिकाची नोकरी मात्र वाचली, कारण ही गोष्ट वरपर्यंत न्यायची तर झोपलेल्या सुपरवायझरचीही न्यावी लागली असती. चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला विद्यापीठाला नाव मिळालं तेव्हा पुंडलिक तिळगूळ आणि पेढे दोन्ही घेऊन आला. मल्हाररावांनी दोन्ही खाल्लं आणि म्हणाले, "सोळा वर्षं लागली रे तुमच्या पाटीला. आमच्या कंपनीत पेंटर दोन दिवसात रंगवतो." पुंडलिक हसता हसता रडला, असं वच्छलाबाई सांगतात. पुंडलिक सांगतो की मिरची लागली होती. पेढ्यात मिरची!

असे हे मल्हारराव छत्तीस वर्षं थर्ड शिफ्ट करून रिटायर झाले. रात्रीच्या आवाजानं डोकं चढायचं, त्यावर टपरीवरची डोकेदुखीची गोळी. रोज एक, कधी दोन. छत्तीस वर्षांच्या गोळ्या आणि कधी न मोजलेलं ब्लडप्रेशर, दोघांनी मिळून किडन्या खाल्ल्या असं डॉक्टर म्हणाले. पुढं दोन वाटा सांगितल्या. एक तर आठवड्यातून तीन दिवस दवाखान्यात येऊन रक्ताचं डायलिसिस करायचं, सकाळी यायचं आणि ऊन उतरताना घरी. नाहीतर हे रात्रीचं मशीन घरी न्यायचं.

"दिवस मोकळा ऱ्हातो का?" एवढंच मल्हाररावांनी विचारलं.

"राहतो. पण शिस्त लागते. खाडा चालणार नाही, अस्वच्छता चालणार नाही. मशीन दवाखान्याचं आहे. शिस्त मोडली तर परत घेऊन जाऊ आणि तुम्हाला आठवड्याला तीन दिवस इथं झोपवू."

तीन दिवस झोपवू म्हणजे मेंढरं विकू. मल्हाररावांनी त्याचा अर्थ असाच लावला, आणि बरोबरच लावला. वच्छलाबाईंचे गुडघे गेलेले, मुलगी सासरी. मेंढरांमागं जाणार कोण?

सुरुवातीचे दिवस गमतीचे गेले. गमतीचे मला; त्यांना नाही. दवाखान्यातल्या सिस्टरनं आठ दिवस शिकवलं होतं. हात तीन मिनिटं धुवा म्हटल्यावर मल्हाररावांनी कंपनीतल्या सवयीनं लाकडाचा भुसा मागितला, ग्रीस काढायला तोच लागतो. सिस्टरनं कपाळाला हात लावला आणि मग तिलाही पुन्हा धुवायला लागले. घरी आल्यावर भांडण घोंगडीशी. घोंगडीशिवाय ह्यांना झोप नाही, आणि घोंगडी अशी जड की कूस बदलली की नळी खाली दबायची. नळी दबली की मशीन केकाटायचं. पहिल्या आठवड्यात ते इतक्यांदा केकाटलं की भागूबाईचा नवरा भिंतीपलीकडून ओरडला, "मल्हारदा, त्याला पाजा काहीतरी!"

शेवटी पुंडलिकानं तोडगा काढला. तो रोज साडेआठला उस्मानपुऱ्याहून सायकलीवर यायचा, मास्क लावून जोडणी बघायचा आणि जायचा. त्यानं घोंगडीला बाजूनं एक काज कापून नळी त्यातून ओवून घेतली. आईच्या हातच्या लोकरीची घोंगडी कापली म्हणून मल्हारराव दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. पण केकाटणं थांबलं.

मग मात्र मशीनशी त्यांचं जमलं. सकाळी उठून वजन करायचं, ब्लडप्रेशर घ्यायचं, आणि मशीनवर आकडा बघायचा. जेवढं भरलं त्यापेक्षा किती जास्त निघालं, तो आकडा. तो त्यांच्या लेखी मालाचा आकडा. वहीत लिहून मेंढरं सोडताना गिरणीवरून जात मला ऐकवायचे. "आज नऊशे मिली जास्तीचे." कुणी लॉटरी लागल्याचं सांगावं तसं सांगायचे. एकदा चारशेच निघाले तर दिवसभर तोंड पाडून होते. मी म्हणालो, "मल्हारराव, टार्गेट चुकलं, आता मेमो येतो तुम्हाला." त्यांनी मेंढरं माझ्या ज्वारीच्या पोत्यांवरून नेली.

पाच महिने असे गेले. आणि आली खंडेनवमी.

इथून पुढचं सांगताना माझा आवाज जरा खाली येतो. आमच्या कारखान्यांचा रिवाज असा की खंडेनवमीला मशीन धुऊनपुसून पूजा करायची, हार घालायचा, आणि मग त्याला हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी दसरा, तोही सुट्टीचा. वर्षभर राबलेल्या लोखंडाला दोन दिवस आराम. मालक कितीही चिक्कू असो, त्या दिवशी बटण दाबलं तर कामगार गेट सोडून जातील. मीही गिरणीला झेंडूचा हार घालून पट्टा उतरवून बसलो होतो. मल्हारराव दळण घेऊन आले.

"आज नाय," मी म्हणालो. "मशीनला सुट्टी. परवा या."

"व्हय की. इसरलोच."

"विसरणारच. घरात मशीन आणलं, पाच महिने राबवताय, रविवारसुद्धा नाही. आज नारळ तरी फोडला का त्याच्यापुढं? कंपनीत असता तर युनियन येऊन बसली असती तुमच्या उंबऱ्यावर."

माझी नेहमीची खोड. त्यांनी मला शिवी घालावी आणि जावं, एवढीच माझी अपेक्षा. पण ते शिवी न घालता गेले, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

संध्याकाळी बोलावणं आलं. मशीन ओल्या फडक्यानं पुसून लखलखीत केलेलं, पडद्यावर हळदी-कुंकवाची बोटं, वर हार, खाली लिंबू. उंबऱ्यावर नारळ फुटला. मी खोबरं खाल्लं, दोनदा मागून खाल्लं. वायर भिंतीतून काढून नीट गुंडाळून ठेवलेली मी बघितली, आणि मला वाटलं पूजेपुरती काढली असेल. पुंडलिक असता तर त्यानं तिथल्या तिथं लावायला लावली असती. पण पुंडलिक दरवर्षी दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जातो, तो आदल्या रात्रीच गेलेला.

वच्छलाबाईंनी विचारलं होतं म्हणे, "आन् रातीचं काय?"

"छत्तीस वर्षांत खंडेनवमीला प्रेस चालू केली नाय, आता करू व्हय?"

आणि दोन रात्री हे नळीविना, दोन्ही कुशींवर, ढाराढूर झोपले. दसऱ्याला पुरणपोळी खाल्ली, वर कटाची आमटी दोन वाट्या. आपट्याची पानं द्यायला आले तेव्हा माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "सांडू, आयुष्यात पैल्यांदा कामाचं बोललास."

तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला मेंढरं एकटीच गल्लीत आली.

मी गिरणीचा पट्टा तसाच टाकून धावलो. विमानतळाच्या कुंपणाशी मल्हारराव बसलेले, पाय सुजून चपलेत मावेनात म्हणून चपला हातात, आणि श्वास असा की चार जिने चढून आलेला माणूस. "काय नाय," म्हणत होते. काय नाय म्हणायलाही त्यांना दोनदा थांबावं लागलं. रिक्षा केली, घरी आणलं. पुंडलिक नुकताच नागपूरहून उतरून पिशवीसकट दारात आलेला. त्यानं ह्यांचे पाय बघितले, आत जाऊन मशीन बघितलं. हार सुकला होता.

"किती रात्री?"

"दोन," वच्छलाबाई म्हणाल्या.

पुंडलिक खाली बसला. "मल्हार, मी जेलात होतो तवा माझी प्रेस एक रात बंद ठेवली नाय तू. अन् आता सोताची ठेवली?"

मल्हाररावांनी हातातल्या चपला खाली ठेवल्या. मी गप्प होतो, त्यावरून प्रकरणाचं गांभीर्य ओळखा.

दवाखान्यात दोन दिवस ठेवून घेतलं. पाणी उतरलं, श्वास खाली बसला. तिसऱ्या दिवशी सोडताना आम्ही चौघंही डॉक्टरांसमोर. त्यांच्या पुढ्यात एक कागद होता, आणि तो मशीन परत नेण्याचा होता. सिस्टर आदल्या दिवशी घरी जाऊन मशीन बघून आली होती.

"पिशवी ठेवायच्या जागेवर कुंकू," ती म्हणाली. "कुंकू! आणि खाली लिंबू. ते पोटात गेलं असतं तर काय झालं असतं माहीत आहे, बाबा?"

"लिंबू कसं जाईल?" मल्हारराव म्हणाले.

डॉक्टर हसले नाहीत. "मल्हारराव, मी आधीच सांगितलं होतं. सोमवारपासून इथं यायचं. सोमवार, बुधवार, शुक्रवार."

मल्हाररावांनी मान खाली घातली. वच्छलाबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या माणसाला मी पंचवीस वर्षं डिवचत आलोय, त्याला उत्तर सुचत नाही असं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं, आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

"डॉक्टर, चूक माझी आहे," मी म्हणालो. आणि सगळं सांगितलं. खंडेनवमी, गिरणी, युनियन, खोबरं. दोनदा मागून खाल्लेलंही सांगितलं.

डॉक्टरांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी कुठल्या आजाराचा पेशंट आहे ते ठरवतायत. तेवढ्यात पुंडलिकानं पिशवीतून वही काढून टेबलावर ठेवली. "साहेब, सही करायच्या आधी एवढं बघा. पाच महिने. वजन, ब्लडप्रेशर, भरलेलं, निघालेलं. रोजचं. ह्या दोन राती सोडल्या तर एक खाडा नाय."

डॉक्टर पानं उलटत राहिले. एका पानावर थांबले. "हे काय? 'आज उत्पादन कमी, कारण आमटी'?"

"खरं तेच लिवलंय," मल्हारराव हळूच म्हणाले.

सिस्टर तोंड फिरवून हसली. डॉक्टरांनी वही मिटली. पुढ्यातला कागद उचलून खणात टाकला. "शेवटची संधी. मशीनची पूजा करायची असेल तर लांबून हात जोडा, आणि त्या रात्रीही ते चालूच राहिलं पाहिजे. पण मला एक सांगा, हे पुंडलिकराव नसतील तेव्हा तुमच्यावर लक्ष ठेवणारं कुणी आहे का?"

माझं मन भरून आलं होतं. मी पुढं झालो, छातीवर हात ठेवला आणि म्हणालो, "मी आहे ना डॉक्टर! शेजारीच आहे. रोज नऊला जाऊन बसेन ह्यांच्याजवळ."

मल्हाररावांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग डॉक्टरांकडं.

"डागदरसाहेब," ते म्हणाले, "मशीन माझ्या घरी ऱ्हाऊ द्या. तुमच्याकडं माझी खाट रिकामी झालीच हाये, तिच्यावर ह्याला ठिवून घ्या."